आवाज आला न्हाय, परत घ्या

आबा, तुमच्या त्या स्टिकरांनी माझा जीव खाल्लाय. सुरुवात भांडणानंच करते, कारण कित्येक महिने हे तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं आणि समोर तुम्ही नाही. तुम्ही शूट केलेल्या लग्नांच्या डिस्का आता एकेक करून दुकानात परत यायला लागल्या आहेत. लोक त्या साडीच्या घडीतून, बिस्किटाच्या डब्यातून, देव्हाऱ्याच्या खणातून काढून आणतात आणि म्हणतात, ताई, मोबाईलवर घालून द्या आणि जरा क्लिअर करून द्या. आपल्या दुकानातली डिस्क मी लांबूनच ओळखते. वर गोल, चकचकीत स्टिकर, त्यात बदामाच्या आकारात नवरा-नवरी, डोक्यावर गणपती आणि कडेनं तुम्ही हौसेनं निवडलेली जांभळी पट्टी. बाकीचे शूटिंगवाले तेव्हा डिस्कवर पेनानं नावं लिहून देत होते. तुम्ही प्रत्येक डिस्कवर रंगीत कागद चिकटवत होता, तळहातानं दाबून एकही बुडबुडा राहू देत नव्हता आणि म्हणत होता, गिऱ्हाईकानं डिस्क नुसती हातात धरली तरी त्येला लगीन दिसाय पायजे. आणि दिसायचंच लगीन. पण तो कागद आणि त्याचा गोंद उन्हाळ्यामागून उन्हाळे खाऊन आखडतो आणि डिस्कला ओढून वाकवतो. डोळ्यांना कळत नाही, पण ड्राइव्हमध्ये फिरायला लागली की ती थरथरते आणि कडेचा भाग वाचता येत नाही. पेनानं लिहिलेल्या, कसलाही नखरा नसलेल्या दुसऱ्यांच्या डिस्का आज निमूट चालतात आणि तुमच्या नटव्या डिस्का रुसून बसतात.

कडेला काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. मधल्या भोकाजवळ हळद, मग मंगलाष्टका, मग जेवणाच्या पंगती, आणि सगळ्यात शेवटी, अगदी कडेला, नवरीचा गृहप्रवेश आणि उखाणा. म्हणजे तुम्ही जे सर्वांत जपून घेत होता, नेमकं तेच तुमच्या स्टिकरानं आधी खाल्लं. मला याचा इतका राग येतो की एखादी डिस्क हातात आली की मी तुमच्या फोटोकडे पाठ करून बसते. फोटो काउंटरच्या वर आहे. हार आई बदलते.

राजारामपुरीतलं दुकान तसंच आहे. पुढं काउंटर आणि कॉम्प्युटर, मागं पार्टिशनच्या पलीकडे आईचं स्वयंपाकघर. फोडणी घातली की गिऱ्हाईक शिंकतं. तुम्ही याच जागी बसून लग्नं जोडत होता आणि मी शाळेतून आले की तुमच्या मागं उभी राहून ती बघत होते. तुमची रीत ठरलेली. मंडपातला खरा आवाज सगळा काढून टाकायचा आणि त्यावर सनई नाहीतर गाणी घालायची. पोरं रडतात, आचारी भांडतात, कोण कुणाचा मानपान काढतंय, ते पैसे देऊन कोण ऐकणार, असं तुमचं म्हणणं. फक्त उखाणा आला की तुम्ही गाणं बंद करत होता. तिथं खरा आवाज, आणि तोही सबंध, कात्री न लावता. उखाण्यावर गाणं घालणं म्हणजे तांबड्या रश्श्यात साखर घालणं, असं तुम्ही मला एकदा सांगितलं होतं. सबंध लग्नात पोरगी स्वतःच्या तोंडानं एवढंच बोलती, बाकी सगळं दुसरेच बोलत्यात, असंही म्हणाला होता. ते मला तेव्हा फारसं कळलं नव्हतं.

मला कळत होतं ते एवढंच, की माझा बाप लोकांच्या लग्नात ओरडतो. नवरी उंबऱ्यावर उभी, डोळे रडून सुजलेले, बाया गोळा झालेल्या, ती कसाबसा उखाणा पुटपुटते आणि कॅमेऱ्याच्या मागून तुमचा आवाज येतो, "वहिनी, आवाज आला न्हाय. परत घ्या. मोठ्यानं." बाया हसायच्या, नवरी लाजेनं अर्धी व्हायची, सासरची माणसं तुमच्याकडे डोळे वटारून बघायची आणि तुम्ही ढिम्म. आमच्या वर्गाच्या बाईंचं लग्न तुम्हीच शूट केलं होतं. त्यांना तुम्ही किती वेळा उखाणा घ्यायला लावला ते साऱ्या शाळेला कळलं. लग्नानंतर बाई परत रुजू झाल्या तेव्हा मला कविता म्हणायला उभं केलं आणि म्हणाल्या, आवाज नाही आला, परत घे. वर्ग हसून हसून पालथा झाला. मी घरी येऊन तुमच्याशी बोललेच नाही. तुम्ही मात्र ते ऐकून खूश झालात आणि आईला म्हणालात, बाई तयार झाल्या.

आता मुद्द्याचं सांगते, कारण हे पत्र मी रडगाणं गायला घेतलेलं नाही. मागच्या महिन्यात एक मुलगी आली. कोडोलीची. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी करते, त्या दिवशी सुट्टी टाकून आली होती. तिनं रुमालातून डिस्क काढून काउंटरवर ठेवली. जांभळी कडा बघून मी मनातल्या मनात तुमचा उद्धार केला. तिच्या आई-वडिलांच्या लग्नाची डिस्क होती. ही मुलगी पाळण्यात असतानाच आई गेली. फोटो आहेत, पण बोलतानाची, हालतानाची आई फक्त या डिस्कमध्ये. आणि तिला त्यातून एकच गोष्ट हवी होती. तिचं स्वतःचं लग्न पुढच्या आठवड्यात होतं आणि उंबऱ्यावर तिला आईनं घेतलेला उखाणा घ्यायचा होता. तो कुणालाच आठवत नव्हता. जयसिंगपूरच्या मावशीला नाही, आत्याला नाही. वडील म्हणाले होते की त्या दिवशी उपासानं डोकं गरगरत होतं, काही ध्यानात नाही.

मी विचारलं, आधी कुणी प्रयत्न केलाय का? तर केला होता, आणि एकाहून एक. चुलतभावानं टीव्हीवर डिस्क लावून समोरून मोबाईलनं शूटिंग केलं होतं. तीच नक्कल ती लहानपणापासून बघत आली होती. त्यात जुना चौकोनी व्हिडिओ रुंद टीव्हीवर ताणून बसवलेला, त्यामुळे लग्नातली सगळी माणसं आडवी पसरलेली. उखाणा यायच्या आधीच त्याच्या मोबाईलची जागा संपली होती. मग शहरातल्या एका दुकानात तिनं सुरुवातीचा भाग 'एचडी' करून घेतला. तो मी बघितला. सॉफ्टवेअरनं प्रत्येक चेहरा असा गुळगुळीत केला होता की मेणाच्या बाहुल्या लग्नाला बसल्यासारखं वाटत होतं. आणि नवरीच्या हनुवटीवर गोंदणाचे ठिपके होते, ते डाग समजून पुसून टाकले होते. मुलीनं पाकिटातून फोटो काढून मला दाखवला. फोटोत गोंदण होतं. तिनं विचारलं, "ताई, आई जाड होती व्हय? आणि गोंदण कुठं गेलं?"

मी तिला म्हटलं, जाड नव्हती, टीव्हीनं ताणली आहे. गोंदण आहे, मी ते हलू देणार नाही. आणखी काही? ती जरा घुटमळली आणि म्हणाली, त्या मोबाईलच्या नकलेत शेवटाला, गाणं थांबल्यावर, एक माणूस मागनं वरडतोय, बायकांना बाजूला व्हा म्हणून. आईचं बोलणं आलंच, तर तेवढा त्याचा आवाज काढून टाका. मी मान डोलावली. वर फोटोत तुम्ही हार घालून बसलेला. तो आवाज तुमचा, हे मी तिला सांगितलं नाही, कारण गिऱ्हाईकाचं बरोबर होतं. आता असली सॉफ्टवेअरं आली आहेत, की एका माणसाचा आवाज वेचून बाजूला करता येतो, तांदळातला खडा काढावा तसा. मी ते रोज करते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वडिलांना घेऊन आली. मीच बोलावलं होतं, कारण असली डिस्क गिऱ्हाईकासमोर लावलेली बरी, नाहीतर नंतर म्हणतात, तुमच्याच मशीननं खराब केली. वडील शेतकरी, दूध डेअरीला घालणारे, टोपी मांडीवर ठेवून स्टुलाच्या टोकावर बसले. मी खिडकीच्या उजेडात डिस्क तिरपी धरली. नेहमीचा वाकडेपणा होताच. शिवाय खालच्या बाजूला कुणीतरी टूथपेस्ट घासून ओरखडे 'काढलेले'. पण खरी भीती वरच्या बाजूला होती. स्टिकर कडेजवळ नखानं उचकटलेलं होतं. बदामातली नवरी अर्धी निघालेली, आणि तिथं कागदाखाली फोड येऊन डिस्कवर पांढुरका डाग पडलेला. डाग नेमका तिथं, जिथं शेवटचा भाग असतो.

मी विचारलं, हे कुणी काढायचा प्रयत्न केला? मुलगी म्हणाली, उंदरानं कुरतडलंय, पप्पांनी सांगितलंय. मी परत डिस्ककडे बघितलं. उंदीर असा एका रेषेत कुरतडत नाही. मी ती वडिलांच्या पुढं धरली. त्यांनी बघितलं नाही. टोपीची कड चिमटीत धरली आणि खाली बघूनच बोलले. "मी काढाय लागलो होतो. दुसरी घरात आली तवा. तिला सारखं ते दिसाय नगो म्हणून. वढता वढता हिच्या आईचं तोंड माझ्या नखाखाली आलं. मग फुडं हात झाला न्हाय."

 मुलगी वडिलांकडे अशी बघत होती की मला वाटलं, ही आता डिस्क उचलून निघून जाणार. तिनं एवढ्या वर्षांत उंदराला किती शिव्या घातल्या असतील. पण ती गेली नाही. दरवाज्यापर्यंत जाऊन परत आली, दुसरं स्टूल ओढलं आणि म्हणाली, "मग आता हितंच बसा. काय निघतंय, काय गेलंय, ते तुमीबी बघा." वडील बसले. मला दोघांच्या मधून माऊस हलवायचीही चोरी झाली.

मी अशा वेळी काय करते ते सांगते, तुम्हाला आवडेल. डिस्क आधी चालवून बघायची नाही. आधी ती जशीच्या तशी, कण अन् कण, कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, अगदी सावकाश फिरवून. जे वाचता येत नाही ते सोडून पुढं जायचं आणि मग मागं येऊन परत परत प्रयत्न करायचा. सुधारणा करायची ती त्या नकलेवर, डिस्कवर नाही. आणि स्टिकर काढायला जायचं नाही. तो मोह लोकांना होतोच. एका गिऱ्हाईकानं जुन्या सीडीवरचा कागद ओलं फडकं लावून ओढला, तर त्याच्याबरोबर वरचा चांदीचा थर निघून आला आणि हातात नुसतं पारदर्शक प्लास्टिक राहिलं. त्यांच्या मुलाचं बारसं कागदाला चिकटून कचऱ्यात गेलं.

डिस्क पुसली, मधून कडेकडे, सरळ रेघेत. माझ्या नव्या ड्राइव्हमध्ये घातली. पडद्यावर चौकोनांचा नकाशा येतो, वाचलं की चौकोन निळा होतो, नाही वाचलं की लाल. हळद निळी गेली. मंगलाष्टका निळ्या. पंगतींच्या शेवटी ड्राइव्हमधून घरघर सुरू झाली आणि पहिला लाल चौकोन आला. मग लालच लाल. मुलीला नकाशा कळत नव्हता, पण लाल कळत होता. त्यात दुरुस्तीसाठी लाईट जाणार असल्याचा मेसेज सकाळीच येऊन पडला होता आणि आपला इन्व्हर्टर आता आईच्या गुडघ्यांसारखा, चालेल तोवर चालेल. मी डिस्क बाहेर काढली. वडिलांनी विचारलं, संपलं का? मी सांगितलं, अजून एक जागा आहे.

टेबलाखाली तुमचा जुना कॉम्प्युटर आहे, आबा. भंगारवाला वर्षातून एकदा मागतो आणि आई त्याला चहा पाजून परत पाठवते. त्यात तुमचा रायटर आहे, ज्यावर ही डिस्क तुम्ही लिहिली होती. ज्या ड्राइव्हनं लिहिलं तो कधीकधी स्वतःचं अक्षर ओळखतो. नेहमी नाही. मी गुडघ्यावर बसून धूळ पुसली, वायर लावली, दोनदा बटण दाबल्यावर तो खाकरत चालू झाला. डिस्क घातली आणि नुसते राहिलेले लाल चौकोन वाचायला लावले. एक चौकोन निळा झाला. मग बराच वेळ काही नाही. ड्राइव्ह थांबायचा, मागं जायचा, परत यायचा. कडेकडून एकेक निळा व्हायला लागला, पण मधे जिथं फोड होता तिथं लाल पट्टा तसाच राहिला.  वडील एव्हाना स्टूल सरकवून पडद्याच्या अगदी जवळ आले होते, मुलीच्या खांद्याला खांदा लागत होता आणि दोघांपैकी कुणीही बाजूला सरलं नाही. लाईट गेली तेव्हा तुमचा रायटर फिरतच होता. इन्व्हर्टरनं एक आचका दिला आणि धरलं. मी पट्टा निळा व्हायची वाट बघत बसले असते, पण इन्व्हर्टर किती वेळ धरील याचा नेम नव्हता. म्हटलं, जेवढं आलंय तेवढं बघू.

नकलेवरून शेवटचा भाग लावला. आधी मी त्याचा आकार सरळ केला. माणसं बारीक झाली. नवरी उंबऱ्यावर उभी होती, काटकुळी, उंच, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके. मुलीनं तोंडावर हात ठेवला. हालचाल झाली की चित्रात कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसत होत्या, त्या नंतर काढता येतात. उजेडाचा पिवळेपणाही काढता येतो. नवरी मान खाली घालून बोलायला लागली, भाजीत भाजी आणि पुढं काहीतरी, आणि तिथं चित्र गोठलं. हिरवे, गुलाबी चौकोन तोंडावर पसरले. आवाज तुटला. नाव यायच्या आधी सगळं गेलं. फोडानं तेवढंच नेमकं गिळलं होतं. वडिलांनी डोळे मिटून घेतले. मुलगी त्यांच्याकडे वळली, आणि मला वाटलं, आता या दोघांत जे काही तुटेल ते माझ्या कुठल्याच सॉफ्टवेअरला जोडता येणार नाही.

मी बंद करायला माऊसवर बोट ठेवलं होतं. तेवढ्यात चौकोन विरले आणि तुम्ही बोललात. "वहिनी, आवाज आला न्हाय. परत घ्या. मोठ्यानं."

तुम्ही इतक्या जवळून बोललात, आबा. कॅमेऱ्याला तुमचं तोंड चिकटलेलं, म्हणून सगळ्यांत स्पष्ट आवाज तुमचाच. बाया हसल्या. नवरीनं मान वर केली. ती चिडली होती, सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे तुमच्याकडे बघत होती. पदर खोचला, आणि पाठ केलेलं सोडून, तिथल्या तिथं जुळवून, खणखणीत म्हणाली,

"कोडोलीच्या शिवारात उसाला आला तुरा,
...रावांचं नाव घेते, आता कॅमेरा बंद करा."

नाव मी इथं लिहीत नाही, ते समोर बसलेल्या माणसाचं होतं. पडद्यावर सोप्यात, ओसरीवर जमलेली सगळी माणसं हसत होती, नवरा मुंडावळ्या सांभाळत वाकून हसत होता, आणि कॅमेरा हालत होता, म्हणजे तुम्हीही हसत होता. तुम्ही कात्री लावली नव्हती, म्हणून दोन्ही उखाणे तसेच राहिले होते. पहिला आमच्याकडे दर दुसरी नवरी घेते तसला होता, गेला तर गेला. हा तिचा स्वतःचा होता आणि तुम्ही ओरडला नसता तर तो जगात आलाच नसता. वडील टोपीत तोंड घालून रडत होते का हसत होते ते कळेना. मग त्यांनी तोंड वर केलं आणि म्हणाले, "परत एकदा लावा की."

मी परत लावलं. तुमचा आवाज परत आला. आणि पार्टिशनचं दार उघडलं. आई दारात उभी, एका हातात उलथनं, दुसऱ्या हातानं डोक्यावर पदर ओढून घेतलेला. तुम्ही असताना बाहेर माणसं बसली असली की असाच पदर घेऊन यायची. गेल्या कितीतरी वर्षांत तिनं तसा घेतलेला मी बघितला नव्हता. ती खुर्चीकडे बघत म्हणाली, "कवा आलासा?"

खुर्चीवर मी होते.  मागं तव्यावर भाकरी करपत होती, त्याचा वास यायला लागला. आईनं मला बघितलं, त्या दोघांना बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि पदर सारखा करत त्या मुलीला, जणू ओळख करून द्यायची राहिली होती अशा सुरात, म्हणाली, "आमचं मालक हाईत ते. तसंच बोलतात." आणि भाकरी उलटायला आत गेली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग वर फोटोकडे. म्हणाली, ताई, ते आवाज काढायचं सांगितलेलं राहू दे. आईनं कुणाला उत्तर दिलंय ते कळाय नगो का?

पुढचं सगळं सोपं होतं. रेषा काढल्या, पिवळेपणा थोडा उतरवला, फार नाही, कारण तुमच्या हॅलोजनच्या उजेडात लग्न तसंच दिसत होतं. चेहऱ्यांना हात लावला नाही. गोंदण जागच्या जागी. फोडाची जागा मी झाकली नाही, तिथं चित्र गोठतं ते तसंच गोठू दिलं. वडिलांनी विचारलं, तेवढं भरून येत न्हाय का? भरून येतं, आबा, मशीन अंदाजानं काहीतरी तोंड काढून देतं, पण ते तिचं तोंड नसतं. हे मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी मान हलवली. जाताना मुलीनं वडिलांच्या हातात डिस्क दिली. स्वतःकडे ठेवली नाही. मी त्याचा अर्थ लावत बसले नाही. लग्नात तिनं तो उखाणा घेतला, उसाचा तुरा आणि कॅमेरा सगळं तेच, फक्त नाव बदलून. मला क्लिप पाठवली आहे. मोबाईलवर घेतलेली, गोंगाट भरपूर, पण आवाज आला.

आता शेवटचं. त्या दिवशी भाकरी खाताना आई म्हणाली, "तुझ्या लग्नाची बी हाय की डिस्क. त्यात बी असंल त्येंचा आवाज. लाव की एकदा." माझ्या लग्नाची डिस्क तुम्हीच केली. नवरीचा बाप मुलीच्या मागोमाग तिच्या सासरच्या उंबऱ्यापर्यंत जात नाही, तशी रीत नाही. तुम्ही कन्यादान आटोपलं, कोट काढला, मदतीला ठेवलेल्या पोराच्या हातातून कॅमेरा घेतला आणि शूटिंगवाले म्हणून आलात. आई कपाळाला हात लावून बसली होती. मी उंबऱ्यावर उभी राहिले, माप समोर होतं, आणि मी मुद्दाम हळू बोलले, आबा. ओठांतल्या ओठांत. आयुष्यभर ज्या शब्दांची लाज वाटली होती ते त्या दिवशी मला हवे होते. मी थांबले. सासूबाईंनी माप ओलांड म्हटलं तरी थांबले. तुम्ही काही बोलला नाहीत. कॅमेऱ्यानं तुमचं तोंड झाकलेलं होतं आणि लाल दिवा चालू होता. तुम्हाला आवाज आला होता का, का घसा धरला होता, हे मी नंतर कधी विचारलं नाही, आणि मग तुम्ही गेलात.

ती डिस्क कपाटात आहे. वर तेच स्टिकर, बदामात मी आणि तुमचे जावई. रोज मी लोकांना सांगते, थांबू नका, डिस्का वाट बघत नाहीत, एकेक उन्हाळा कडेकडून खात येतो. लावली आणि कड गेलेली निघाली, तर मला शिव्या घालायला तुमचं स्टिकर आहे. पण लावली आणि सगळं नीट वाचलं गेलं, आणि तिथं तुम्ही खरंच गप्प असलात, तर मी ते कुणावर ढकलू? जोवर ती ड्राइव्हमध्ये जात नाही तोवर तुम्ही बोलला असण्याची जागा आहे. कदाचित बायांच्या गलक्यात मलाच ऐकू आलं नसेल.

आईला मी सांगितलं, लावून बघितली, खराब झाली आहे, वाचत नाही. तिनं बरं म्हटलं आणि माझ्या ताटात आणखी भाकरी वाढली. मी ती डिस्क लावलेलीच नाही, आबा. फक्त आडवी होती ती उभी करून ठेवली आहे, म्हणजे आणखी वाकणार नाही.